फक्कीचे पाच खाने

आमचे नाऊनसर शिट्टी वाजवून इंग्रजी शिकवायचे. शिट्टी म्हणजे खरोखरची शिट्टी, पितळेची, काळ्या दोरीत ओवून गळ्यात घातलेली. वर्गात शिरताना ती एकदा वाजायची. दुसऱ्यांदा वाजली की आम्ही दप्तरं बाकावर टाकून मैदानाकडे पळत सुटायचो. शेजारच्या वर्गातले गणिताचे सर कपाळाला हात लावायचे. इंग्रजीचा तास आणि तो मैदानावर, हे ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांना मी थापा मारतेय असं वाटेल. वाटू दे. वेल्ह्याच्या पलीकडच्या खोऱ्यात त्या वर्षांत जी पोरं शिकली, त्यांना जाऊन विचारा.

मैदानावर पांढऱ्या फक्कीने पाच खाने आखलेले असायचे. कबड्डीला आखतात तसेच, सुतळी ताणून, रेघ कुठे वाकडी नाही. पहिला खाना प्रॉपर नाऊनचा, दुसरा कॉमनचा, तिसरा कलेक्टिव्हचा, चौथा मटेरियलचा. पाचवा ॲब्स्ट्रॅक्टचा, तो सगळ्यांत लांब, उंबराच्या झाडाखाली. सर मधोमध उभे राहून शब्द ओरडायचे आणि शिट्टी मारायचे. 'तोरणा!' म्हटलं की पहिल्या खान्यात उड्या. 'बफेलो!' म्हटलं की दुसऱ्यात. 'राइस!' म्हटलं की चौथ्यात. चुकीच्या खान्यात सापडला तो बाद, त्याने कडेला बसून बाकीच्यांसाठी टाळ्या वाजवायच्या. पावसाळ्यात आमच्याकडे फक्की तासभरही टिकत नाही, तेव्हा हाच खेळ व्हरांड्यात खडूच्या रेघा मारून चालायचा आणि हेडसरांच्या खोलीच्या दारात आमची चेंगराचेंगरी व्हायची.

'फिअर!' असं ओरडले की उंबराकडे पळायचं. तिथं सगळ्यांत आधी पोचायची ती सुगंधा. सुगंधा माझ्या भिंतीपलीकडची. आमच्या दोघींच्या घरांना मिळून एकच भिंत, बाकही एकच. चपला हातात घेऊन पळायची आणि उंबराच्या बुंध्याला हात टेकून मागे वळून हसायची. तिला शब्द ऐकल्याबरोबर खाना कळायचा. मला विचार करावा लागायचा. हे मला तेव्हाही आवडत नव्हतं, आणि ते आत्ताच सांगून टाकलेलं बरं.

पाचवा खाना कसा ओळखायचा, हे सर एका वाक्यात सांगायचे. "हाताला लागतं ते पहिल्या चार खान्यांत. हाताला लागत न्हाई आन् तरी आत टोचतं, ते पाचव्यात." पुढे मी एम.ए. केलं, बी.एड. केलं, व्याकरणाची जाडजूड पुस्तकं पालथी घातली. शिकवायची वेळ येते तेव्हा अजून हेच सांगते.

मुळात ते पी.टी.चे सर. इंग्रजीच्या बाई बदली करून पुण्याकडे गेल्या, त्यांची जागा भरलीच नाही. आमच्या खोऱ्यात यायला कोण तयार होणार? हेडसर म्हणाले, "तोवर तुम्ही जरा बघा." ते 'तोवर' अकरा वर्षं चाललं. स्वतः सरांचं इंग्रजी कसंबसं काठावर पार पडलेलं. सकाळच्या एस.टी.त ते व्याकरणाचं पुस्तक मांडीवर ठेवून ओठ हलवत बसलेले दिसायचे. आदल्या दिवशी वाचायचं ते दुसऱ्या दिवशी आमच्यापुढे. त्यात नाऊन मात्र त्यांना मनापासून पटलं. "नाऊनचं बरं असतं," म्हणायचे, "जागच्या जागी असतं. पळत न्हाई." म्हणून ते आमचे नाऊनसर. त्यांचं खरं नाव हजेरीपटाच्या वरच्या कोपऱ्यात असायचं, पण ते वाचायला कोण जातंय!

आता झालं असं की आम्ही आठवीत असताना तपासणी आली. गाडीतून साहेब उतरले, वर्गात आले आणि म्हणाले, "नाऊन म्हणजे काय, कोण सांगेल?" बाप रे, आम्ही जो गलका केला! पाचही प्रकार, प्रत्येकाची दहा-दहा उदाहरणं, खिडक्यांची तावदानं थरथरली. साहेब बघतच राहिले. शेरेबुकात त्यांनी सरांचं नाव घालून दोन ओळी चांगलं लिहिलं. हेडसरांनी ते पान उघडून सगळ्या शिक्षकांना दाखवलं. पी.टी.च्या माणसाला दहा वर्षांत असं कुणी काही लिहून दिलं नव्हतं. माझ्या मते घात झाला तो तिथं. त्यानंतर सर नाऊनच्या बाहेर पडेनात.

नववी गेली, दहावी लागली, खाने तेच. कुणी धीर करून क्रियापदाचं विचारलं की म्हणायचे, "आधी मानसं वळखा, वस्तू वळखा. त्या काय करत्यात ते मागनं बघू." ते 'मागनं' काही आलं नाही. मी एकदा पुस्तकातलं 'हॅड बीन' दाखवून हे काय म्हणून विचारलं. सरांचे कान लालभडक झाले. एक क्षण पुस्तकाकडे बघत राहिले आणि मग शिट्टी मारली, "सगळ्यांनी मैदानाला दोन चकरा!" पोरांना मजा वाटली. मला मात्र पळता पळता कळलं की ह्या माणसाला येत नाहीये आणि हा माणूस घाबरलाय. तेरा-चौदा वर्षांच्या पोरीला हे कळणं काही चांगलं नसतं. मोठ्यांबद्दल मनात एक अढी बसते, ती जात नाही.

तरी त्यांच्यावर कुणी चिडू शकत नव्हतं. पावसाळ्यात शाळा सुटली की ते ओढ्यावर येऊन उभे राहायचे. डोक्यावर इरलं, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, दोन्ही काठांच्या झाडांना बांधलेला दोर एका हाताने धरलेला. एकेका पोराला पलीकडे काढायचं. सगळी पलीकडे गेली की अलीकडून एकेकाचं पुरं नाव पुकारायचं, स्वतःचं, बापाचं, आडनावासकट, आणि पलीकडून 'हजर' ऐकू आलं की मगच पुढचं. पाण्याच्या आवाजात एखाद्याचा 'हजर' ऐकू आला नाही तर तेच नाव पुन्हा. शेवटचं नाव होईपर्यंत आम्ही भिजत उभे. "प्रॉपर नाऊन मोजल्याबिगर घरी जायचं न्हाई," असं दुसऱ्या दिवशी हसत सांगायचे. आमच्या घरात कुणी आम्हाला पुऱ्या नावानं हाक मारलेली मला आठवत नाही.

दहावीच्या वर्षी दिवाळीला माझे मामा पुण्याहून आले आणि येताना माझ्यासाठी इंग्रजीचं गाईड घेऊन आले. हिरव्या पुठ्ठ्याचं, विटेएवढं जाड. काळ, पत्रं, निबंध, धड्यांचे अर्थ, सगळं त्यात. सुगंधा रोज संध्याकाळी माझ्याकडे अभ्यासाला यायची. ती यायच्या आधी मी ते गाईड गादीखाली सरकवायची आणि ती गेली की बाहेर काढायची. तिच्यासमोर आपली नाऊनची वही उघडून बसायची. असं का केलं? उगाच शोभेची कारणं देत नाही. मला पहिलं यायचं होतं, आणि ती माझ्या पुढे होती. बस्स.

निकाल लागला. मी पास झाले. सुगंधा सगळ्या विषयांत पास आणि इंग्रजीत सहा मार्कांनी गेली. आमच्या वर्गातले आणखीही गेले, पण मुलगे होते ते, त्यांना घरच्यांनी पुन्हा बसवलं. सुगंधाच्या वडिलांनी फॉर्म भरायला नकार दिला. सर त्यांच्या ओट्यावर जाऊन बसले तेव्हा मी भिंतीला कान लावून ऐकत होते.

"एक विषय ऱ्हायलाय फक्त," सर म्हणाले. "म्या स्वतः तयारी करून घेतो."

"सर, तुमीच म्हनला व्हता, पोरगी पास व्हनार," वडील म्हणाले. आवाज चढवला नाही त्यांनी. "तीन वर्सं तुमच्याच हाताखाली व्हती. आता आनि काय तयारी करनार?"

मग सर चपला ओढत गेल्याचं ऐकू आलं. पुढे अठरा पुरी होताच सुगंधाचं लग्न झालं आणि ती सासरी कामथडीला गेली. मी अक्षता टाकल्या, जेवले आणि आले. तिच्याशी नीट बोललेसुद्धा नाही.

मी शिकत गेले. पुण्यात मामांकडे राहून कॉलेज, मग बी.एड., मग भोरच्या शाळेत नोकरी. विषय कुठला, तर इंग्रजी! जितकी शिकत गेले तितका सरांचा राग येत गेला. एवढं सोपं होतं हे, आणि आमची तीन वर्षं त्या माणसाने फक्कीत घालवली, असं वाटायचं. सुगंधाची आठवण आली की मी ताबडतोब सरांना शिव्या घालायची. फार सोयीचं होतं ते.

सर निवृत्त झाले तेव्हा शाळेने कार्यक्रम ठेवला होता. शाल, श्रीफळ, चहा, बिस्किटं. आम्ही जुने विद्यार्थी जमलो होतो. एक जण भाषणात म्हणाला की सरांनी आमचा पाया पक्का केला. टाळ्या पडल्या. मला राहवलं नाही. भाषणात नाही बोलले, तेवढी लाज होती, पण चहाच्या वेळी सरांपुढे जाऊन उभी राहिले आणि तोंडावर म्हटलं, "सर, पाया कसला? तीन वर्षं नुसते खाने आखलेत तुम्ही. तुम्हाला येत नव्हतं तर सांगायचं होतं. सुगंधाचं आयुष्य गेलं त्यात."

सरांच्या हातातली बशी जराशी कलली. शाल खांद्यावरून घसरली होती, ती त्यांनी सावरली.

"खरं हाय," एवढंच म्हणाले.

मला वाटलं होतं की बोलल्यावर बरं वाटेल. एस.टी.त बसेपर्यंत वाटलंही.

पुढच्याच्या पुढच्या रविवारी सकाळी भोरला माझ्या दारात सर उभे. हातात शंभर पानी वही आणि पिशवीत आंबेमोहोर तांदूळ. गळ्यात शिट्टी नव्हती. त्यांना तसं मी आयुष्यात पहिल्यांदा पाहत होते, गळा एकदम बोडका वाटला. आत बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "मंगलबाई, मला क्रियापद शिकवाल?"

मंगलबाई! ज्या माणसाने 'मंगल, नाक पूस' म्हणून मला ओढा पार करून दिला, तो मला अहो-जाहो करत होता. मी म्हटलं, "सर, मला लाजवू नका." ते म्हणाले, "शिकायला आलो तर बाईच म्हनायला पायजे."

मग त्यांनी सांगितलं. ते कामथडीला जाऊन आले होते. सुगंधाच्या गावात 'आशा' ताईची जागा निघायची होती, आणि त्याला दहावी पास लागतं. इतक्या वर्षांनी तिला ह्या कामासाठी तो एक पेपर सोडवायचा होता. सर तिला म्हणाले, मी शिकवतो. घरी येऊन पुस्तक उघडलं तर नाऊनच्या पुढे गाडी जाईना. म्हणून माझ्याकडे.

"आजचं आजच द्या," म्हणाले. "हितनं निघालो की जाताना कामथडीला उतरतो आन् तिला तसंच ताजं देतो."

तीन वर्षं हे चाललं. दर रविवारी सकाळी वेल्ह्याहून निघून, नसरापूरला गाडी बदलून, नऊच्या सुमारास माझ्या दारात. मी सांगायची, ते वहीत मोठ्या गोल अक्षरांत उतरवायचे. गृहपाठ दिला की करून आणायचे. चुकलेलं दिसलं की वहीवर आडवा हात ठेवायचे, शाळकरी पोरं ठेवतात तसा. साठीच्या माणसाची वही तपासताना मला सुरुवातीला कसंतरी व्हायचं, मग सवय झाली. खरं सांगायचं तर मजाही वाटायला लागली. मी लाल पेनाने फुल्या मारायची आणि ते मान डोलवायचे. एकदा 'हॅड बीन' आलं. सरांनी पेन खाली ठेवलं. "हे तुम्ही मला नववीत विचारलं व्हतं," म्हणाले. "म्या तुमाला पळायला लावलं." मी चहा करायला उठले.

कामथडीचं विचारलं की चेहरा उजळायचा. "सुगंधा हुशार हाय हो. एकदा सांगितलं की बस्स. अंगनातच बसतो आमी, खाने आखून दिलेत. नवीन शब्द आला की अजून पळत जाऊन उभी ऱ्हाती." मी म्हणायची, "मग ह्या मार्चला बसतेय ना?" पहिल्या मार्चला तिची मुलगी आजारी होती. दुसऱ्याला सासूबाईंचं कंबरेचं हाड मोडलं. मी वैतागून म्हटलं, "सर, ती काही बसत नाही. तुम्ही उगाच हेलपाटे घालताय." ते म्हणाले, "बसंल. पुढच्याला बसंल." सोबत चला असं त्यांनी मला दोनदा सुचवून पाहिलं. मी दोन्ही वेळा पेपर तपासायचे आहेत असं सांगितलं. भोरपासून कामथडी आहे किती लांब! पण पाय उचलत नव्हता.

तिसऱ्या वर्षी त्यांनी तिची सही आणि फोटो आणला आणि फॉर्म माझ्याच शाळेतून भरून घेतला. "तुमच्या नजरंसमोर बसंल," म्हणाले. "पेपरच्या दिवशी मी सकाळीच येऊन गेटवर उभा ऱ्हातो."

संक्रांत झाली आणि त्या आठवड्यात सर गेले. सकाळी अंगणात खुर्ची टाकून उन्हाला बसले होते, सरांच्या पत्नी, आमच्या काकू, पाणी घेऊन बाहेर आल्या तर मान कलंडलेली. मला मोबाईलवर कळलं, जुन्या शाळेच्या ग्रुपवर. खाली एकामागून एक हात जोडलेले. दशक्रियेला मी जाऊन आले. सुगंधा तिथं दिसली नाही. काकूंनी ती शंभर पानी वही माझ्या हातात दिली. रविवारचा गृहपाठ करून ठेवलेला होता.

फेब्रुवारीत शाळेत हॉल तिकिटं आली. त्यात सुगंधाचं होतं. आता ते नेऊन द्यायला माझ्याशिवाय कोणी उरलं नव्हतं, म्हणून एका रविवारी मी कामथडीला उतरले.

तिने मला लगेच ओळखलं. "ये. चप्पल हितंच काढ," म्हणाली, जणू कालच भेटलो होतो. अंगभर पदर, कानशिलांवर केस पिकलेले. अंगण झाडून लख्ख होतं आणि मधोमध फक्कीचे पाच खाने, तसेच सुतळी ताणून आखलेले. पाचवा तुळशीच्या पलीकडे.

"तेवढं सोडून झाडते," ती म्हणाली. "दशक्रियेला यायचं व्हतं. सासूबाई अंथरुनाला, निघता आलं न्हाई."

मी हॉल तिकीट पुढे केलं. तिने हात पदराला पुसले, ते हातात घेतलं, बराच वेळ पाहिलं. "फोटू बरा आलाय," म्हणाली आणि मला परत दिलं. "मी न्हाई बसनार, मंगल."

"अगं असं काय करतेस? तीन वर्षं सर..."

"आशाची जागा पयल्याच वर्सी भरली. वरच्या आळीतल्या सुनंला मिळाली. तवाच म्या ठरवलं, आता न्हाई बसायचं. कशाला बसू?"

"मग सरांना का नाही सांगितलंस?"

"दोनदा तोंड उघडलं, जमलं न्हाई." ती पायरीवर बसली. "ते कसे यायचे तुला म्हाईत न्हाई. पार कोपऱ्यावरनं पुरं नाव पुकारत यायचे, माहेरचं, ओढ्यावर घ्यायचे तसं. मी हितनं 'हजर' म्हनायचं, मगच आत यायचे. ह्या घरात मी कुनाची सून, कुनाची आई. माझं नाव घेऊन दारात दुसरं कोन आलंय? आन् त्यांना वाटायचं, आपन काय तरी भरून काढतोय. म्हटलं, भरू दे."

मी खाली बघत होते. आता बोललं नाही तर कधीच बोलणार नाही असं वाटलं. "सुगंधा, दहावीच्या वर्षी माझ्याकडे..."

"गाईड व्हतं," ती म्हणाली. "हिरव्या पुठ्ठ्याचं. तुझ्या आईला गादी उन्हात टाकू लागले, तवा दिसलं."

"कधी?"

"माघात. परीक्षेच्या आधी."

"मग मागितलं का नाहीस गं?"

"तू देशील म्हनून वाट बघितली."

तिच्या बोलण्यात राग असता तर बरं झालं असतं. नव्हता. मला रडू फुटलं, आणि ते थांबेना. ती उठून आत गेली, पाण्याचा तांब्या आणून माझ्यापुढे ठेवला.

"सरांना माहीत होतं?" मी विचारलं.

"मीच सांगितलं, मागल्या साली. ते सारखं सोताला दोष द्यायचे, मला ऐकवंना, म्हनून सांगितलं. मग म्हनाले, मंगलला ह्यातलं काय कळू देऊ नगं. ती माझ्यावर रागावलीय तेच बरं हाय. माझ्यावरचा राग गेला तर तो तिच्यावरच जाईल. आन् तिला रोज पोरांपुढं उभं ऱ्हायचंय."

मागल्या साली. म्हणजे त्यानंतरही वर्षभर ते दर रविवारी माझ्यासमोर येऊन बसत होते. मंगलबाई म्हणत होते. मी मारलेल्या लाल फुल्यांवर मान डोलवत होते. एकदा तर मी त्यांना म्हटलं होतं, "सर, हे तेव्हाच शिकवलं असतं तर आज ही वेळ आली नसती." त्यावर ते "खरं हाय" म्हणाले होते. तसंच, बशी कलली होती त्या दिवशीसारखं.

निघताना मी तिला म्हटलं, "तरी ये गं. मी गेटवर उभी राहते."

"नगं उभी ऱ्हाऊ," ती म्हणाली. "उन्हाचं बाधतं तुला." हॉल तिकीट मी तिच्या पायरीवर ठेवून आले.

इंग्रजीच्या पेपरला इंग्रजीच्या शिक्षकांना वर्गावर घेत नाहीत, त्यामुळे मी मोकळी होते. साडेनवापासून गेटवर उभी राहिले. रिक्षा आल्या, दुचाक्या आल्या, आया पोरांच्या कपाळाला अंगारा लावून माघारी गेल्या. कापूरहोळकडून आलेली प्रत्येक एस.टी. मी डोळे ताणून पाहिली. मग रस्ता ओस पडला. आत घंटा झाली. आमच्या शाळेचे शिपाई मामा कुलूप-किल्ली घेऊन आले.

"बाई, लावू का गेट? कुनी यायचं ऱ्हायलंय का?"

"थांबा जरा."

ते थांबले. दुसरी घंटा झाली. मामा चुळबुळ करायला लागले. "कुनाची वाट बघताय?"

"सुगंधाची."

"कंची सुगंधा? आपल्या शाळंतली न्हाई वाटतं."

सर असते तर त्यांना जे सांगितलं असतं ते मी त्या मामांना सांगितलं. "माझ्याकडे गाईड होतं, मामा. मी तिला दाखवलं नाही."

मामांनी माझ्याकडे पाहिलं, मग रस्त्याकडे पाहिलं. तिकडे कुणी नव्हतं.

"मग आता लावू गेट?"

"लावा," मी म्हटलं.